दाराखालची चिठ्ठी

टिंकू नावाचा माझा एक विद्यार्थी शब्द वासावरून वाचायचा.

मी तेव्हा चंदीगडमध्ये, सेक्टर बावीसच्या बाजारालगतच्या एका छोट्या शाळेत केजीच्या मुलांना हिंदी वाचायला शिकवत होते. शब्दांच्या पट्ट्या मी घरीच करायचे. साबणाची, चहाची, टूथपेस्टची रिकामी खोकी कापायची, आतल्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरांत शब्द लिहायचा, की झाली पट्टी तयार. टिंकू पट्टी घ्यायचा, जरा तोंडाजवळ न्यायचा आणि ठणकावून सांगायचा, ‘नल!’ ‘घर!’ मी खूश. पालकसभेत त्याच्या आईसमोर त्याचं कौतुकही करून झालं. मग पट्ट्या मळल्या म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर नव्या केल्या, आणि टिंकूचं वाचन एका दिवसात बसलं.

‘मॅडमजी, इसमें तो खुशबू ही नहीं है,’ तो रडवेला होऊन म्हणाला.

‘नल’ साबणाच्या खोक्यावर होता आणि ‘घर’ चहाच्या. पोरगं इतके दिवस खोकी वाचत होतं. त्या दिवशी मला माझ्या धंद्यातली पहिली गोष्ट कळली. लहान मूल अक्षर सोडून बाकी सगळं वाचतं. वास वाचतं, कोपऱ्यातला शाईचा डाग वाचतं, बाईंचा चेहरा तर फारच पटकन वाचतं. हे सगळं एकेक करून बाजूला काढायचं आणि शेवटी मुलाला अक्षरासमोर एकटं उभं करायचं, एवढंच आमचं काम. टिंकूनंतर मला वाटायला लागलं, की मूल काय वाचतं ते आता मला ओळखता येतं. ते तसं नव्हतं. पण ती गोष्ट पुढे येईल.

मी मूळची सांगलीची. बालवाडीचं शिक्षण घेतलेलं, दोन वर्षं नोकरी केलेली. ह्यांना चंदीगडच्या विद्यापीठात प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि आम्ही बिऱ्हाड उचलून तिकडे गेलो. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं. पहिल्याच आठवड्यात मी अक्षरांचा तक्ता रंगवून भिंतीवर लावला आणि सवयीने त्यात ‘ळ’ही काढला. मुलांनी तो मन लावून पाठ केला. आमच्या मुख्याध्यापिका सेठीमॅडम वर्गात आल्या, चष्मा सावरून तक्त्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मिसेस आपटे, ये जलेबी क्या है?’ पुढे शाळेत माझं नावच जलेबीवाली मॅडम पडलं. मला ते आवडायचं.

आता शिकवायचे कसे, ते थोडक्यात सांगते. वाचन डोळ्यांनी सुरू होतं असं लोकांना वाटतं. ते कानांनी सुरू होतं. म्हणून माझ्याकडे आधी एक थैली असायची. तिच्यात चमचा, लट्टू म्हणजे आपला भोवरा, बटण, गाजर, कुलूप असलं काहीबाही. मुलाने हात घालायचा, एक वस्तू काढायची आणि तिच्या नावाचा पहिला आवाज सांगायचा. चमचा काढला की ‘च’. महिनाभर हेच. मग टोपी बदलायचा खेळ. फळ्यावर एक ‘ल’ लिहायचा आणि त्याच्या पुढ्यात नवी नवी अक्षरं आणून बसवायची, म्हणजे ‘ल’ला दर वेळी नवी टोपी. नल, फल, जल, कल, चल. एक अक्षर बदललं की सगळा शब्द बदलतो, ही गंमत ज्या दिवशी मुलाच्या डोक्यात शिरते, त्या दिवशी ते वाचायला लागतं. बाकी सगळा सराव.

आणि सगळ्यांत लाडका खेळ चिठ्ठीचा. घडी घातलेली एक चिठ्ठी ज्याच्या बाकावर येईल, त्याने ती उघडायची, मनात वाचायची आणि तोंडाने काही न बोलता चिठ्ठी म्हणेल ते करायचं. ‘उठ’ असेल तर उठायचं, ‘नाच’ असेल तर नाचायचं. मग चिठ्ठी सगळ्यांना दाखवायची आणि वर्गाने ओरडून निकाल द्यायचा, ‘सही!’ किंवा ‘गलत!’ नियम एकच. चिठ्ठी आली की ऐकायचंच, मग ती कोणालाही येवो. मलाही यायची. कडक इस्त्रीची साडी नेसून मी कितीतरी वेळा बेडूक झालेली आहे.

पालकांना हे पचायचं नाही. एक सुभेदारसाहेब मुलाची कोरी वही हातात धरून आले. ‘मॅडमजी, बच्चा दो महीने से सिर्फ नाच रहा है. कॉपी खाली है.’ मी त्यांना टोपीच्या खेळाला बसवलं. अर्ध्या तासाने ते ‘और एक, और एक’ करत होते, आणि जाताना वहीबद्दल विचारायचं विसरले.

ही सगळी पंजाबातल्या दहशतवादाची वाईट वर्षं. चौकाचौकांत वाळूची पोती आणि त्यांच्यामागे जवान, बाजारात शिरताना पिशव्यांची तपासणी, बसमध्ये पाटी, सीटखाली बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका. आणि अशा गावात मी एकदा माझी आवाजांची थैली व्हरांड्यात विसरले. चौकीदाराने पाहिली, शिट्टी फुंकली, सगळी शाळा मैदानात बाहेर. पोलीस आले, लांब बांबूने थैली उलटी केली, आणि आतून लट्टू गरगरत बाहेर आला. मुलं एका सुरात ओरडली, ‘ल!’ सेठीमॅडमना हसावं की मला रागवावं ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

हसण्यावारी गेलं. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

सिम्मी दिवाळीनंतर आली. सहा वर्षांची, वर्गातल्या मुलांपेक्षा डोकंभर उंच, दोन घट्ट वेण्या. सीमेकडच्या एका खेड्यातून आई जसबीर तिला घेऊन भावाकडे आली होती. भावाचं बाजारात बटणं आणि लेसचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर एक खोली. तिघं तिथे राहायची. वडिलांचं विचारलं तर जसबीर म्हणाली, ‘वो नहीं हैं जी,’ आणि ओढणी सारखी करत राहिली. मी पुढे विचारलं नाही. त्या वर्षांत पुढे विचारायचं नाही हे सगळ्यांना कळत होतं.

सिम्मी बोलायची नाही. मुकी नव्हती, पण शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. थैलीतून वस्तू काढायची आणि बरोबर अक्षराच्या तक्त्यासमोर नेऊन ठेवायची. टोपीच्या खेळात मी ‘जल’ म्हटलं की जाऊन ‘ज’ उचलून आणायची. एकदा तिने ‘क’च्या जागी मुद्दाम माझा चष्मा आणून ठेवला आणि गालात हसली. मला आशा वाटायला लागली. पण चिठ्ठी बाकावर आली, की संपलं. चिठ्ठी मुठीत घट्ट धरून ती खाली बघत बसायची. उघडायची नाही. मुलं ‘गलत! गलत!’ करायची.

एक दिवस माझा तोल गेला. मी तिच्या बाकाजवळ जाऊन तिची मूठ उघडली. एकेक बोट सोडवलं. चिठ्ठी सरळ करून तिच्या डोळ्यांसमोर धरली. ‘नाच’ एवढंच होतं. सोपा शब्द. तिने डोळे गच्च मिटून घेतले आणि तिचा फ्रॉक ओला झाला. मी आयाला हाक मारली आणि रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं, ‘शब्द ओळखत नाही. समज कमी.’ हे वाक्य माझ्या हातचं आहे. आज इतक्या वर्षांनी ते लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि ती वाटायलाच हवी.

ते रजिस्टर सेठीमॅडमनी पाहिलं. त्यांचा निर्णय सरळ होता. मार्चमध्ये त्यांच्यासमोर दहा शब्द वाचले तर पहिली, नाहीतर पुन्हा केजी. मी जसबीरला सांगितलं.  ती म्हणाली, ‘फेल हुई तो इसे गंगानगर भेज दूँगी मॅडमजी, नानी के पास. मेरे से नहीं हो रहा.’ सिम्मी आईच्या कमीजचं टोक धरून उभी होती. तिने ते आणखी घट्ट धरलं.

मार्चला जेमतेम सहा आठवडे उरले असताना शहरात कर्फ्यू लागला. शाळा बंद. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं नवं वाचन फार नाजूक असतं. आठ दिवस हात लावला नाही तर पुसून जातं आणि पुन्हा टिंकूच्या खोक्यापासून सुरुवात करावी लागते. माझ्या जिवाला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी रेडिओवर सांगितलं, की सकाळी दोन तास सवलत. लोक दूध, भाजी आणायला धावले. मी घडी घातलेल्या चिठ्ठ्यांचं पुडकं सायकलच्या टोपलीत टाकलं.

‘वेड लागलंय का तुला?’ हे म्हणाले. ‘लोक बटाटे आणायला चाललेत आणि तू शब्द वाटत फिरणार?’

‘बटाटे तुम्ही आणा,’ मी म्हटलं.

शाळेच्या आसपास राहणारी मुलं तेवढी गाठायची असं ठरवलं होतं. आणि इथे मी फार समजूतदारपणे विचार केला. त्या दिवसांत दार वाजलं की घरातली माणसं दचकायची. आवाज बंद व्हायचे, दिवे मालवायचे. म्हणून मी ठरवलं, की कुणाचंही दार वाजवायचं नाही. हलक्या पावलांनी जिना चढायचा, चिठ्ठी दाराखालून आत सरकवायची आणि निघायचं. सिम्मीच्या दाराखालून मी ‘नाच’ सरकवली. तीच, मुठीतली. घरात निवांतपणे उघडेल, असं मला वाटलं.

आठ-नऊ दिवसांनी शाळा उघडली. मुलं धावत आली आणि कुणी काय काय केलं ते सांगू लागली. टिंकूने ‘हँस’ वाचून आजोबांना हसायला लावलं होतं. सिम्मी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. वर जाऊन मी दार वाजवलं. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

‘मी आहे, सिम्मीची मॅडम,’ मी चक्क मराठीत म्हटलं, घाबरले की माझी हिंदी पळून जाते. दार उघडलं ते त्या मराठीमुळेच असावं.

खोलीच्या मधोमध एक पत्र्याची ट्रंक होती, दोरीने करकचून बांधलेली. जसबीरने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर जमिनीवर बसून सांगायला सुरुवात केली.

‘साडे पिंड विच वी ऐंवें ही चिट्ठी आई सी, मॅडमजी. बूहे दे थल्लों.’ आमच्या गावातही अशीच चिठ्ठी आली होती. दाराखालून.

सिम्मीच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी होती. एका सकाळी दाराच्या आत घडी घातलेला कागद पडलेला होता. तो सिम्मीनेच उचलून वडिलांना नेऊन दिला. त्यांनी वाचला, खिशात घातला, काही नाही म्हणाले. काही दिवसांनी तसाच दुसरा कागद आला. तोही तिनेच उचलून दिला. त्यानंतरच्या आठवड्यात ते गिरणीवर गेले ते परत आले नाहीत. कागदात काय होतं ते जसबीरला माहीत नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं.

मी पाण्याचा ग्लास धरून बसले होते. मला त्या मुलीची मूठ दिसत होती. थैली चालायची, तक्ते चालायचे, फळा चालायचा, कारण ते सगळं उघडं होतं. घडी घातलेला कागद चालत नव्हता. वर्गात इतके महिने ती मला हे रोज दाखवत होती, आणि मी तिची समज मोजत बसले होते.

जसबीर पुढे सांगत होती. कर्फ्यूच्या सवलतीत त्या सकाळी ती दूध घेऊन वर आली, तर दाराच्या आत कागद. तिने किंकाळी दाबली. भाऊ खाटेवर पाय वर घेऊन बसला. त्याला हिंदी वाचता येत होतं, पण कागदाला हात लावायची त्याची हिंमत होईना. दोघं कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग भाऊ म्हणाला, सामान बांध. तिने ट्रंक ओढली, कपडे भरायला लागली. आणि पाठ वळली होती तेवढ्यात सिम्मी खाटेवरून खाली उतरली, कागदापाशी जाऊन बसली आणि तिने तो उचलला.

‘मैंने चाँटा मारा, मॅडमजी. जोर से. फेंक, फेंक, मैं बोली. उसने फेंका नहीं. खोला.’

तिने घडी उघडली. बोट ठेवलं. ‘न’ म्हणाली, ‘ना’ म्हणाली, आणि मग मोठ्यांदा ‘नाच’. आईकडे बघून म्हणाली, ‘मॅडम दी ऐ.’ मॅडमची आहे. मग तिने कागद खाली ठेवला आणि गालावर आईची बोटं उमटलेली असताना, उघड्या ट्रंकेशेजारी, ती दोन्ही हात वर करून नाचली. चिठ्ठी आली की ऐकायचंच, हा नियम होता ना.

मला रडू आवरेना. मी जसबीरचे हात धरून माफी मागितली, मराठीत, हिंदीत, जमेल तशी. ती म्हणाली, ‘आपका क्या कसूर जी.’ कसूर होता. चांगल्या मनाने केलेला असला तरी कसूर होता. त्या दिवसांत कुणाच्याही दाराखालून काहीही सरकवायचं नसतं, हे ज्याला कळत नाही त्याने तिथे नुसतं अक्षर शिकवून भागत नाही.

‘ट्रंक?’ मी विचारलं.

‘भाई कहता है चलो. आज मॅडम की थी, कल किसी और की होगी.’ ती ट्रंकेकडे बघत राहिली. ‘पर इसने पढ़ लिया, मॅडमजी. मैं अनपढ़ उस दिन भी देखती रह गई, इस दिन भी. इसने पढ़ लिया.’

मी तिला एवढंच म्हटलं, की मार्चपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी सिम्मी वर्गात होती. मी रजिस्टरमधलं माझं वाक्य खोडलं आणि त्या दिवसापासून घडी घालणं बंद केलं. आमच्या चिठ्ठ्या उघड्या झाल्या. मुलांनी विचारलं, अशी का? मी म्हटलं, नवा नियम.

मार्चमध्ये सेठीमॅडमच्या खोलीत सिम्मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी दाराबाहेर, नखं खात. आवाज इतका बारीक, की सेठीमॅडमना टेबलावर ओणवं व्हावं लागलं. नऊ शब्द आले. दहावा ‘सड़क’ होता, तिथे ती अडली. सेठीमॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘मिसेस आपटे, मैंने गिनने में गलती कर दी. दस हो गए.’ त्या बाईंवर मी आयुष्यभर जीव टाकला तो या एका वाक्यासाठी.

मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. हे प्रयोगशाळेत गेलेले. मी केर काढत पुढच्या खोलीत आले, आणि दाराच्या आत, फरशीवर, घडी घातलेला एक कागद होता.

मला वाटायचं, जसबीरचं दुःख मला कळलंय. तोपर्यंत काहीही कळलं नव्हतं.  हातात केरसुणी तशीच. दार वाजलं नव्हतं, जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. मी परक्या मुलखातली, त्यात हिंदी शिकवणारी बाई. कुणाला माझं काय खुपलं असेल, ते एका क्षणात दहा प्रकारे मनात येऊन गेलं. कागदापासून मी चार पावलांवर होते आणि ती चार पावलं टाकायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. सहा वर्षांच्या मुलीने ती टाकली होती.

शेवटी वाकले. उचलला. उघडला.

पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, ‘च’चं तोंड उलटीकडे. ‘नाच’.

मी बाल्कनीत धावले. खाली फाटकाशी सायकलरिक्षा उभी होती. तिच्यात ती दोरी बांधलेली ट्रंक, ट्रंकेवर हात ठेवून जसबीर, आणि तिच्याशेजारी दोन घट्ट वेण्या, मान वर केलेली. दिल्लीला एका नातेवाइकाच्या शिवणाच्या कारखान्यात जसबीरला काम मिळालं होतं हे मला नंतर तिच्या भावाकडून कळलं. मायलेकी बरोबर चालल्या होत्या. जसबीरने हात जोडले. सिम्मीने नाही जोडले. ती वाट बघत होती.

मग मी नाचले. बाल्कनीत, भर सकाळी, पदर खोचलेला, एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी. समोरच्या घरातले प्रोफेसर पेपर खाली करून बघायला लागले. मी गिरकी घेतली आणि ठरल्याप्रमाणे चिठ्ठी उघडी करून खाली दाखवली.

‘सही!’ सिम्मी ओरडली. शाळेत तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग रिक्षावाल्याने पॅडल मारलं आणि रिक्षा बस स्टँडच्या रस्त्याला लागली.